पुराव्याचे घर : चांजेचा शिलालेख, राजवाड्यांची पोथी आणि विद्यापीठीय ग्रंथालय

उरणच्या दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर आहे आणि त्याच्या परिसरात चांजे व रानवड ही गावे आहेत. कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही नावे परिचित आहेत ती शिलाहारकालीन कोरीव लेखांमुळे. शके १०६० चा, म्हणजे इ. स. ११३८-३९ चा, अपरादित्याचा लेख चांजे येथे मिळाला. सोमेश्वराच्या कारकिर्दीतील शके ११८१ चा लेख रानवडचा, तर शके ११८२ चा पुन्हा चांजेचाच. अपरादित्य आपली माता लीलादेवी हिच्या पुण्यार्थ दान देतो, आणि त्या दानाच्या ओघात नागुम म्हणजे आजचे नागाव आणि चांजे या स्थळांची नावे दगडावर येतात. मजकूर थोडा आहे. परंतु एका लहानशा बेटावरील गावांची नावे साडेआठशे वर्षांपूर्वी कशी उच्चारली जात असतील, याचा पुरावा त्या थोडक्या अक्षरांत आहे.

या लेखांच्या वाचनाला जो इतिहास आहे, तो येथे अधिक महत्त्वाचा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याविषयीचे भाग १८८२ साली प्रसिद्ध झाले. उरण त्या वेळी पनवेल तालुक्यात मोडत असे. भगवानलाल इंद्रजी यांच्या साहाय्याने त्या ग्रंथात शिलाहारांची जी वंशावळ व जी कालगणना मांडली गेली, तिच्यात उरणच्या लेखांना स्थान मिळाले. पुढे १९७७ साली वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम'चा सहावा खंड प्रसिद्ध झाला आणि शिलाहारांचे सर्व ज्ञात लेख पुन्हा एकवार वाचले गेले. दोन वाचनांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. मिराशींना पूर्वसूरींशी सहमत होता आले, तसेच जेथे पटले नाही तेथे त्यांना दुरुस्त करता आले. हे कशामुळे शक्य झाले? मिराशींच्या विद्वत्तेमुळे, हे उघडच. पण त्याहीआधी, पूर्वीच्या वाचकाने जे पाहिले ते पुन्हा पाहण्याची सोय शिल्लक होती म्हणून. शिळा टिकली होती, तिच्यावरून ठसा घेता येत होता. रायगड जिल्ह्यातल्याच अक्षी येथील लेखाच्या कालाबद्दल आणि तो मराठीतील आद्य लेख ठरतो की नाही याबद्दल शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनापासून जो वाद चालत आला आहे, तोही याच सोयीवर उभा आहे. वादी आणि प्रतिवादी दोघांनाही त्याच दगडापुढे जाऊन उभे राहता येते.

मराठी वाङ्मयाभ्यासाला ही सोय नेहमीच लाभली, असे मात्र नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली ती एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या शुद्धीकरणापूर्वीचा पाठ हाती आला आहे, हा दावा लहान नव्हता. मराठी भाषेच्या इतिहासाची सुरुवातच त्यामुळे नव्याने लिहिण्याजोगी झाली. त्याच वर्षी राजवाड्यांनी या पोथीतील भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. पुढे ज्ञानेश्वरीच्या भाषेविषयी, तिच्यातील विभक्तिप्रत्ययांविषयी, अनुस्वारांविषयी ज्याने ज्याने काही लिहिले, त्याला राजवाड्यांच्या संहितेची दखल घेणे भाग पडले. परंतु मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांना तपासण्यासाठी उपलब्ध राहिली नाही. ती कशी नाहीशी झाली याविषयीच्या आख्यायिकांत येथे शिरण्याचे कारण नाही. राजवाड्यांच्या स्वभावाविषयी त्या जितके सांगतात तितके पोथीविषयी सांगत नाहीत.

परिणाम मात्र नीट पाहावयास हवा. पोथीचे वय राजवाडे सांगतात ते खरे की नाही, हे ठरविण्यासाठी कागद पाहावा लागतो, शाई पाहावी लागते, अक्षरांची वळणे पाहावी लागतात. त्यांतले काहीच हाती नाही. उरते ते छापील पुस्तक; आणि त्यात लेखनिकाचे काय आणि संपादकाचे काय, हे वेगळे करण्याचा मार्ग नाही. एखादे रूप आर्ष आहे म्हणून पाठ जुना मानावा, तर ते रूप जुने आहे हे पुन्हा त्याच पाठावरून सिद्ध करावयाचे, असे चक्र तयार होते. ज्यांनी राजवाड्यांवर विश्वास ठेवला आणि ज्यांनी संशय घेतला, त्या दोघांचीही अडचण सारखीच आहे. मराठी समीक्षेत राजवाड्यांविषयी बरेच भक्तीने आणि काही रोषाने लिहिले गेले आहे. त्यातला मोठा भाग हा पुराव्याच्या अभावी व्यक्तीकडे वळलेला वाद आहे. ज्या संशोधकाने 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेत कागद जसाच्या तसा छापण्याचा आग्रह धरला, त्याच्याच हातून मराठीतील सर्वांत वादग्रस्त साधन पडताळणीच्या पलीकडे गेले, ही गोष्ट विलक्षण आहे खरी.

याच्या उलट टोकाला पुण्यातच दुसरे उदाहरण घडत होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. १९२५ पासून वि. सी. सुखठणकर यांच्याकडे त्याची धुरा आली आणि त्यांच्या निधनानंतर, १९६६ साली, ते पूर्ण झाले. भिन्न भिन्न लिप्यांतील हस्तलिखिते जुळवून पाहताना श्लोकागणिक तक्ता करावयाचा, अक्षराखाली अक्षर येईल अशा रीतीने प्रत्येक हस्तलिखिताचा पाठभेद नोंदवावयाचा, अशी पद्धत ठरली होती. सुखठणकरांचे खरे धाडस कोणते, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण सिद्ध संहितेकडे बोट दाखवतील. परंतु पानाच्या तळाशी, बारीक टायपात, न स्वीकारलेले पाठ ज्या शिस्तीने छापले गेले, तीच या आवृत्तीची बौद्धिक सचोटी होय. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नाही त्याने तळटीप वाचावी आणि आपले महाभारत सिद्ध करावे, एवढी मोकळीक तेथे आहे. सुखठणकरांवर पुढे जी टीका झाली, एका मूळ संहितेची कल्पनाच मौखिक परंपरेला लागू पडत नाही असे जे म्हटले गेले, ते म्हणणाऱ्यांनीही आपले पुरावे याच तळटिपांतून उचलले.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस मुनेओ तोकुनागा यांनी क्योतोत आणि जॉन स्मिथ यांनी केंब्रिजमध्ये या आवृत्तीचा पाठ संगणकावर आणला, तेव्हा अभ्यासकांच्या हाती प्रथम पडली ती मुख्यतः सिद्ध संहिता. त्या दोघांच्या श्रमाबद्दल कृतज्ञताच व्यक्त करावयास हवी. पण माध्यम बदलले की निष्कर्ष आधी प्रवास करतो आणि पुरावा मागे राहतो, याचा तो नमुना आहे. पडद्यावर शब्द शोधणारा विद्यार्थी तळटीप नसलेले महाभारत वाचू लागतो, आणि एका संपादकमंडळाचा तर्क त्याला व्यासांचा शब्द वाटू लागतो.

डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाची गोष्ट आणखी निराळी. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली या ऐतिहासिक तत्त्वावरील कोशाची योजना सुरू केली. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून, प्रत्येक प्रयोगाचा संदर्भ व अवतरण देणारी एक चिठ्ठी, याप्रमाणे जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ पासून कोश छापून येऊ लागला, आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ प्रकाशन 'अ' या आद्याक्षराच्या शब्दांतच राहिले. याची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे. तथापि ज्या शब्दांचा कोश अद्याप छापला गेलेला नाही, त्यांच्याही चिठ्ठ्या कपाटात आहेत. एखाद्याला 'रस' किंवा 'ध्वनि' या शब्दांचा इतिहास पाहावयाचा असेल तर त्याची सामग्री सिद्ध आहे. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या कपाटांचे मोल छापील खंडांपेक्षा कमी नाही. ज्या शेकडो हातांनी त्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात येत नाहीत. एकेका चिठ्ठीवरील शाई आणि अक्षर एवढीच त्यांची खूण.

येथे ग्रंथालयशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. चिठ्ठी म्हणजे पुस्तक नव्हे. तिला दाखल क्रमांक नाही, वर्गीकरणाचा अंक नाही, तिची तालिका नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली ती ग्रंथ या एककाभोवती फिरतात, आणि त्या काळी ते योग्यच होते. परंतु विद्यापीठात ज्ञान निर्माण होते ते ग्रंथाच्या आधी: टिपणवहीत, चिठ्ठीत, ध्वनिफितीत, प्रश्नावलीत. ग्रंथालय त्याला भेटते ते अगदी शेवटी, बांधणी झाल्यावर. संशोधक निवृत्त झाला की विभागातील त्याचे कपाट रिकामे करावे लागते, आणि त्या कपाटातील वस्तू ग्रंथालयाच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे त्या कोणाच्याच नसतात.

लोकसाहित्याच्या क्षेत्रात याची किंमत सर्वाधिक द्यावी लागली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या आणि मराठी सुशिक्षित वाचकाला एका मोठ्या काव्यधनाची ओळख करून दिली. तो संग्रह प्रेमाने केलेला आहे. पण त्यातील अमुक ओवी कोणत्या गावाची, कोणत्या जातीच्या, कोणत्या वयाच्या बाईने म्हटलेली, हे बहुधा कळत नाही. ओव्या विषयवार लावल्या आहेत आणि गाणारी त्या विषयात विरघळून गेली आहे. याचा दोष गुरुजींकडे जात नाही, कारण संग्राहकाच्या पुढे तेव्हा असा प्रश्नच नव्हता. पण आज एखाद्याला ओवीतील माहेरची प्रतिमा देशावर आणि कोकणात कशी बदलते, हे तपासावयाचे झाले तर त्या संग्रहाचा उपयोग मर्यादित होतो. 'स्त्रीमन' या नावाची एक अखंड, अविभक्त वस्तू मराठी समीक्षेत पुढे जी रूढ झाली, तिच्या मुळाशी संग्रहाची ही रीतही आहे, असे म्हणता येईल.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधन केंद्रातर्फे जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्याची रीत नेमकी वेगळी होती. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातील बायकांच्या संघटनेतून ते काम उगवले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले गेले. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने नव्वदच्या दशकात ती सामग्री संगणकावर वर्गीकृत झाली आणि काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. एरवी अशा संकलनाचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. हे संकलन मात्र 'परी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने हाती घेतले आणि २०१७ पासून ते टप्प्याटप्प्याने लोकांसमोर येत आहे. काही गावांत जाऊन त्याच बायकांना किंवा त्यांच्या लेकीसुनांना पुन्हा भेटणेही त्यामुळे शक्य झाले. मराठी मौखिक वाङ्मयाचे हे सर्वांत मोठे आधारभांडार जमा झाले ते विद्यापीठाबाहेर, आणि तगले तेही विद्यापीठाबाहेरच. महाराष्ट्रातील मराठी विभागांनी या वस्तुस्थितीचा विचार करावयास हरकत नाही.

संगणकाने प्रश्न सुटला, अशी एक समजूत आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर संगणकाने तो काही काळ अधिक बिकट केला. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाणक १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुण्याच्या सी-डॅकने त्याच्या प्रसाराला हातभार लावला. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण टंकलेखन करणाऱ्याच्या हातात या दोहोंपैकी काहीच नव्हते. होते ते निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट. प्रत्येक फाँटात 'क'ची जागा वेगळी, रफाराची वेगळी, जोडाक्षराचे तुकडे वेगळे. पुढची दहापंधरा वर्षे मराठी प्रबंध, शब्दसूची, मुलाखतींची लिप्यंतरे ही सारी या खाजगी संकेतांत टंकली गेली. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती धारिका उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक सडा पडतो. परिवर्तक वापरून ती युनिकोडात आणता येते, पण रफार मागचा पुढे जातो, 'ऱ्य' तुटतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ललित मजकुरात हे दुरुस्त करता येईल. बोलीच्या नोंदीत, जेथे ऱ्हस्वदीर्घाचा भेद हाच अभ्यासाचा विषय आहे, तेथे दुरुस्ती कशाच्या आधारे करावयाची? शके १०६० चा दगड वाचता येतो आणि १९९५ ची तबकडी वाचता येत नाही, हे वाक्य चमत्कृतीसाठी केलेले नाही. ग्रंथालयांतील परिस्थितीच तशी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ साली पुण्यात आयुकाच्या आश्रयाने केली. ती संस्था पुढे स्वतंत्र होऊन गुजरातेत गेली. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि 'शोधगंगा' उभी राहिली. प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले, वाङ्मयचौर्य पकडणे सोपे झाले, एकाच विषयावर चार विद्यापीठांत चार प्रबंध होत आहेत हेही उघडे पडले. हा लाभ मोठा आहे. पण शोधगंगेत येतो तो प्रबंध. प्रबंधामागची प्रश्नावली, मुलाखत, मुद्रण येत नाही. परिशिष्टात चार पाने नमुन्यादाखल जोडण्याची प्रथा आहे. इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात समाजशास्त्रीय आधारसामग्रीचा संग्रह १९६७ सालीच सुरू झाला होता, आणि तेथे दुसऱ्याच्या सामग्रीवर नव्याने काम करणे हा संशोधनाचा प्रतिष्ठित प्रकार आहे. आपल्याकडे दुसऱ्याची सामग्री वापरणे म्हणजे कष्ट टाळणे, असे अजूनही मानले जाते.

द्रोणागिरीच्या परिसरात या उणिवेला एक विशेष अर्थ प्राप्त होतो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कुलाबा जिल्ह्यातील आगरी बोलीची नोंद आहे. ती नोंद सरकारी यंत्रणेमार्फत आलेली, ठराविक नमुन्याची. तिच्यात आवाज नाही. त्यानंतर घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६६ साली महाडच्या कुणबी बोलीचे पुस्तक निघाले, आणि व्याकरणाबरोबर बोलीतील उतारे व शब्दसंग्रह छापण्याची चांगली शिस्त त्या मालेने पाळली. अलीकडे, २०१७ पासून, डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले त्यातील मुद्रणे ऐकण्यासाठी खुली आहेत. विद्यापीठीय संस्थेने निष्कर्षाबरोबर सामग्रीही वाचकाच्या हाती द्यावी, याचे ते मराठीतील ठळक उदाहरण होय.

ग्रिअर्सन आणि हे नवे सर्वेक्षण यांच्यामध्ये मात्र जे घडले ते लहान नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल-उरणच्या गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्याला आपली जागा सोडावी लागली. द्रोणागिरी हे नाव डोंगराचे होते. ते नियोजित नगराच्या एका विभागाचे आणि २०२४ साली रेल्वे स्थानकाचेही झाले. याच काळात आगर, खाजण, उघाडी, शिलोत्री हे शब्द ज्या कामांना चिकटलेले होते ती कामे आटली. 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' करणारी, 'इकडे तिकडे' ऐवजी 'इकरं तिकरं' म्हणणारी बोली आजही ऐकू येते, गाण्यांतून तर मोठ्या आवाजात ऐकू येते. परंतु मिठागरावर काम करणाऱ्याने बांध फुटल्यावर कोणते शब्द वापरले, हे आज विचारून कळणार नाही. शिळा शंभर वर्षांनी पुन्हा वाचता येते. १९७५ सालचे बोलणे पुन्हा ऐकता येत नाही. ते तेव्हाच टिपले गेले असेल तर आहे, नाही तर नाही.

आणि कॅसेटचा ध्वनिमुद्रक महाविद्यालयीन अध्यापकाच्या आवाक्यात आला तो नेमका याच दशकांत. ज्यांनी तेव्हा क्षेत्रकार्य केले त्यांच्या फिती ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत उतरल्या नाहीत. त्या घरोघरच्या खणांत, कोकणच्या दमट हवेत राहिल्या. चुंबकीय फितीवर बुरशी चढते, लेप सुटतो, आणि ती वाजविणारे यंत्रही दुर्मीळ होत जाते. जे शिल्लक असेल ते येत्या काही वर्षांत ग्रंथालयांनी मागून घेतले नाही, तर मागण्याजोगे फारसे उरणार नाही.

मागून घेण्यातही अडचणी आहेत, आणि त्या केवळ तांत्रिक नाहीत. १९८४ च्या लढ्याविषयी एखाद्याने विश्वासाने सांगितलेली हकीकत, त्यात आलेली नावे, जमिनीच्या मोबदल्यावरून आणि साडेबारा टक्के भूखंडांवरून घराघरांत झालेले तंटे, हे सारे फितीवर असू शकते. ते कोणासाठी खुले करावयाचे, किती वर्षांनी, आणि सांगणारा हयात नसेल तर कोणाच्या संमतीने? जानेवारी २००४ मध्ये एका परदेशी अभ्यासकाच्या ग्रंथावरून भांडारकर संस्थेवर जो हल्ला झाला, त्यानंतर महाराष्ट्रातील कोणत्याही संग्राहक संस्थेला हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटू शकत नाही. बंदिस्त कपाट सुरक्षित वाटते. पण बंदिस्त कपाटातूनच राजवाड्यांची पोथी गेली.

शिवाय नोंदवहीचाच प्रश्न आहे. दाखल नोंदवहीत 'लेखक' असा रकाना असतो, त्यापुढे प्रकाशक, वर्ष, किंमत. चांजेच्या एखाद्या वृद्धेने मिठागराविषयी तासभर सांगितले आणि ती फीत ग्रंथालयात आली, तर 'लेखक' या रकान्यात मुद्रण करणाऱ्या अध्यापकाचे नाव लिहावयाचे की तिचे? ओव्यांच्या संकलनात गाणारीचे नाव प्रत्येक नोंदीत आहे, हे वर आलेच. लीलादेवीचे नाव तिच्या मुलाने दगडावर कोरविले होते. विद्यापीठीय ग्रंथालयाच्या नियमावलीत मात्र या रकान्यासंबंधी अद्याप काही ठरलेले दिसत नाही.